पोटुशीचं लोखंड

जबलपूरला आमच्या नात्यागोत्यात कोणी विचारलं, "वहिनी कुठं असतात नोकरीला?" तर आमचे हे खाली बघायचे. काहून? तर मी तलाशीवाली होते. बायकांच्या अंगावरून हात फिरवायचा पगार सरकार मला देत होतं. ह्यांना लाज वाटायची, मला नाही वाटली कधी.

आमच्या फॅक्टरीत फिलिंग नावाचं खातं होतं, वस्तीपासून लांब, तारेच्या कुंपणात, स्वतःचं वेगळं फाटक असलेलं. तिथं बॉम्बगोळ्यांत बारूद भरायचे. आत जाणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण चालायचा नाही. एक ठिणगी पडली की संपलं, ओळख पटवायला बोटही मिळायचं नाही. चीनची लढाई झाली न, तेव्हापासून फॅक्टरी वाढतच चालली होती. मग कच्छात पाकिस्तानाशी सुरू झाली तशी गडीमाणसं पुरेनात, म्हणून फिलिंगमध्ये बाया घेतल्या. बाया घेतल्या तर त्यांची तलाशी घ्यायला बाईच पाहिजे. थोडी शिकलेली, आवाजानं दांडगी, कोणाच्या बापाला न भिणारी अशी एक त्यांना हवी होती. मी अर्ज केला न केला तोच घेतली.

फाटकाला लागून पत्र्याची खोली. तिथं बाया साडी सोडून फॅक्टरीचे नाडीचे कपडे चढवायच्या. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसांतले आकडे सगळं खुंटीवर. मोकळ्या गळ्यानं कामाला बसायचं म्हणून पहिल्या दिवसांत एवढी रडारड झाली की विचारू नका. मग आमच्या मराठी बायांनी हळदीचा दोरा गळ्यात बांधायचं काढलं. ते मी चालवून घेतलं, दोऱ्याची काही ठिणगी पडत नाही. पण एकीनं कुंकवाची पत्र्याची डबी कमरेला खोचून न्यायचा घाट घातला, तर तिच्या मनगटावर असा फटका दिला मी, की डबी छताला लागून खाली आली. "तुझ्या कुंकवापायी आतल्या सगळ्या बायांच्या चिंध्या करशील का गं?" म्हटलं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. धरो बापडी.

फाटकाबाहेर सडकेवर मात्र वेगळीच दुनिया होती. जिथं आमच्या शेड उभ्या होत्या तिथं आधी एक गाव होतं. जमिनी घेतल्या तेव्हा घरटी एकाला काम देऊ म्हणाले होते. काहींना दिलं, बाकीचे सडकेवर बसले. रोज सकाळी पोरंबाळं घेऊन यायचे, की आज एखादी जागा निघेल. शहपुऱ्याकडच्या खेड्यांतून मोटारीनं येणारे वेगळे, ते तर भोंग्याच्या आधीच हजर. सडक डांबरी झाली, विजेचे खांब आले, दवाखाना आला, दारूचं दुकान फॅक्टरीच्या भिंतीला टेकून आलं. आणि मार आला. आत घ्यायला माणसं मोजायला लागले की गर्दी लोटायची, गर्दी लोटली की दरबान लाठ्या चालवायचे, मग संध्याकाळी आमच्या बसवर दगड. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या बाईचं कपाळ फुटलं. तिच्या जखमेवर पदर दाबून धरला मी, आणि दुसऱ्या हातानं तोच दगड खिडकीतून परत फेकला. लागला असेल कोणाला तरी.

त्या लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. त्यांच्यात एक उंच बाई होती, कोपरापर्यंत गोंदलेली. आमच्या पहिल्या शेडच्या जागी तिचं वावर होतं. ती कुंपणाला तोंड लावून उभी राहायची आणि मी दिसले की ओरडायची, "ए तलाशीवाली, हमाओ खेत है जो! हमें काए नईं लेत?" मी म्हणायची, "मेरे हाथ में नहीं है बाई." ती थुंकायची. रोजचंच होतं ते.

आता घरचं सांगते. घरी सासूबाई, आम्ही दोघं, आणि धाकटा दीर न त्याची बायको. आमची एकुलती लेक सासरी. आमचे हे मशीन शॉपमध्ये, लढाईपायी दोन दोन पाळ्या करायचे, घरी आले की जेवून झोपायचे. घरात आग लागली तरी कूस बदलली नसती त्यांनी. दीरही फॅक्टरीतच होता आधी. फोरमन काही बोलला म्हणून त्याच्या डोक्यात पाना घातला, फोरमनला टाके पडले, याला काढून टाकलं. तेव्हापासून बसून होता. बसून तरी कुठं, दिवसभर भिंतीला टेकलेल्या त्या दुकानात आणि संध्याकाळी घरी बायकोवर.

माझी जाऊ बारीक चणीची, कमी बोलणारी. माहेर नागपूरकडचं, आई नाही, बाप रेल्वेत. तिला दोनदा दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा त्याच्या लाथांनी पोट खाली झालं. मी डोळ्यांनी पाहिलंय, कोणी मला शिकवू नये. दुसऱ्या वेळी तर मी त्याच्या पाठीत सांडशी घातली होती. तो वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका, नाहीतर हिला भेडाघाटला नेऊन धबधब्यात ढकलून देईन." आणि हा दारूत बोलून राहिला असं म्हणावं, तर सकाळी शुद्धीत असताना पण तेच बोलायचा. सासूबाईंचं मत वेगळं. त्या म्हणायच्या, पोरीला बाहेरचं लागलंय, दृष्ट आहे कोणाची तरी. लेकाचा पाय त्यांना कधी दिसलाच नाही.

फिलिंगमध्ये बाया घेऊन राहिले तेव्हा मीच फाटकावरच्या जमादाराशी बोलून जावेला लावून घेतलं. दीर आधी कडकडला, मग पगार दिसला तसा गप्प झाला. तीनेक महिने झाले असतील. एके दिवशी बसमधून उतरून घरी चालत येताना ती मला म्हणाली, "ताई, पक्की झाली की क्वार्टर मिळतं न?"

"मिळतं की."

"माझ्या नावावर?"

"मग काय माझ्या? नोकरी तुझी, क्वार्टर तुझं."

ती चार पावलं चालली. मग म्हणाली, "तिथं ह्यांना आणायचं नाही म्हटलं, तर चालतं का?"

मी सडकेवरच थांबले. ही पोर, जी वरणात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नव्हती, तिच्या डोक्यात हे चालू होतं! मी म्हटलं, "न चालायला काय झालं? क्वार्टरच्या फाटकावर दरबान असतो. तू सांग, मी त्याच्याशी बोलते." ती हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, ते मला तेव्हाच कळलं, कारण एवढं हसताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

दिवाळीला पक्क्या करणार होते. पण कच्च्या बायांना एक नियम होता, पोटुशी निघाली की घरी. बारुदाच्या वासात तिला ठेवायचं नाही, आणि तिची जागा तर ठेवायचीच नाही. बाहेर एवढी माणसं उभी होती न.

गणपतीच्या सुमाराला तलाशी घेताना माझ्या हाताला तिचं पोट लागलं. तिनं फडकं घट्ट बांधलं होतं, वरून कळत नव्हतं. पण रोज एवढ्या बायांच्या अंगावरून फिरणारे हात माझे, मला कसं फसवेल ती? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. मागे रांग उभी. "चल, हो पुढं," म्हटलं. मला लोखंड शोधायला ठेवलं होतं, पोट नाही. पोट सांगायचं काम ज्याचं असेल त्यानं करावं.

घरी येताना तिनं माझा हात धरला. "दिवाळीपर्यंतच ताई. पक्की झाले की कोणी काढू शकत नाही. मग क्वार्टरमध्ये... तिथं हे राहील." हे म्हणताना तिनं पोटावर हात ठेवला होता. मग आम्ही दोघींनी त्याचीच काळजी वाहिली. घरात मी तिला पाण्याची बादली उचलू द्यायची नाही. दीर आला की मी काहीतरी काम काढून दोघांच्या मध्ये उभी राहायची. सासूबाईंना ओकाऱ्यांवरून कळलंच, पण त्यांनाही मी दम भरला होता, "लेकाला सांगाल तर माझ्याशी गाठ आहे." त्या बिचाऱ्या नाही बोलल्या. नातवंडाची आस त्यांनाही होतीच की.

पण तो काही आंधळा नव्हता. एका संध्याकाळी, सायरन होऊन दिवे गेले होते, काचांना काळे कागद लावून, कंदील बारीक करून आम्ही बसलो होतो, आणि हा आला. अंधारात तिच्या अंगावर अडखळला. ती कलंडली आणि तिनं दोन्ही हात पोटावर घेतले. बाईमाणूस पडताना हात जमिनीला टेकवते, हिनं पोटावर घेतले. त्याला तेवढं पुरलं. "माझ्यापासून लपवून राहिली?" म्हणून त्यानं तिला अंगणाच्या पायरीवरून ढकललं. मी पाठीवर झेलली तिला, माझं कोपर सोलून निघालं. तो वर पुन्हा पाय उचलायला लागला तेव्हा मी त्याच्या मांडीला कडकडून चावले. हो, चावले. माणसाला आपण चावू असं मला कधी वाटलं नव्हतं, पण दात लागले तेव्हा सोडावंसंही वाटलं नाही. तो शिव्या देत लंगडत बाहेर गेला. जावेच्या साडीवर थोडंसं रक्त दिसलं. रात्री थांबलं ते, पण सासूबाईंचा धीर सुटला.

आता हे आमच्याकडचं समजून घ्या. आमच्यात पोटुशी बाई लोखंडाशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. अडकित्ता म्हणा, चाकू म्हणा, निदान खिळा तरी अंगावर पाहिजे. त्याच्या धाकानं वाईट जवळ येत नाही म्हणतात. माझ्या वेळी मी पण अडकित्ता उशाशी घेऊन झोपलेय. सासूबाईंचा हिशेब सरळ होता, दोन गेली कारण पोरीजवळ लोखंड नव्हतं, आणि आता तर ती रोज उघड्या अंगानं फॅक्टरीत जाते. त्यांनी सकाळीच टांगेवाल्याकडून घोड्याच्या नालेचा खिळा आणला. तो सगळ्यात जालीम, असं त्या मानायच्या. जावेची वेणी त्याच घालायच्या. गंगावनात गुंडाळून तो खिळा त्यांनी अंबाड्यात आत दडपून बसवला. आणि जावेला सांगितलं, "हलवू नको, काढू नको."

ती काही अडाणी नव्हती. फिलिंगमध्ये खिळा म्हणजे काय, तिला माझ्याइतकं ठाऊक होतं. पण आदल्या संध्याकाळचं रक्त तिनं पाहिलं होतं.

रांगेत ती माझ्यासमोर आली. खांदे, काखा, कंबर. मग अंबाडा. बोटांना टणक लागलं. मला आधी वाटलं, आकडा राहिला असेल. बोट आत घातलं, ओढलं, तर मुठीत खिळा.

बाई गं! माझ्या डोळ्यांसमोर सगळं लाल झालं. आत एवढ्या बाया. कोणाची लेकरं घरी, कोणाचा नवरा लढाईवर. हिची मान वळली असती, अंबाडा सुटला असता, खिळा फरशीवर पडला असता, वर कोणाचा तरी पाय. मी तिला अशी मुस्काटात लगावली की ती खुंट्यांवर जाऊन आदळली. रांगेतली मागची बाई बघून राहिली होती तेही दिसत होतं, म्हणून आणखी एक दिली आणि तोंडानं सुरू केलं, "माझ्या सासूला उलट बोलतेस? घरात बोलतेस ते बोलतेस, रस्त्यावर पण?" खिळा माझ्या मुठीत, मूठ कमरेशी, पदराखाली. मारलं त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही तो खिळा सापडला तर आजही मारीन.

जमादार आला. "क्या हुआ बाई?"

"घर का झगड़ा है जमादार साहब. देवरानी है मेरी."

"तलाशी में कुछ निकला?"

"निकलता तो आपके हवाले नहीं करती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. लढाईचे दिवस, चहूकडे जासूस शोधत होते लोक. खिळ्याचं नाव निघालं असतं तर तिला सरळ ठाण्यात नेलं असतं, तिथं कोणी ऐकलं असतं का घोड्याची नाल आणि सासूबाईंची दृष्ट? जमादार म्हणाला, "आज इसको बाहर करो. दिमाग़ ठंडा करके कल आए." मी म्हटलं, "इथंच बसू द्या न कोपऱ्यात, माझी पाळी संपली की घेऊन जाते." तर म्हणे नाही, फाटकाच्या आत तमाशा नको. आणि त्यानं खिडकीएवढं दार उघडून तिला सडकेवर काढलं. केस सुटलेले, गाल सुजलेला.

तेवढ्यात ती मागची बाई कुंपणाकडे धावली. तिची बहीण बाहेर उभी असायची रोज, जागेच्या आशेनं. "लोहा निकला रे!" म्हणून ओरडली ती. "चोटी में लोहा निकला, निकाल दी उसको! जगह ख़ाली है!"

जगह ख़ाली है, हे त्या गर्दीनं ऐकलं. आणि लोहा ऐकलं. पुढचं सांगायला मला आजही घाम फुटतो. सगळे एकदम उठले. अर्धे फाटकाकडे लोटले, जागा घ्यायला, आणि अर्धे तिच्याकडे. कोणीतरी म्हणालं, "जासूस है!" मग सगळेच म्हणाले. मी माझी जागा सोडून बाहेर पळाले, जमादार मागून हाका मारून राहिला होता, मारो. मी पोचले तोवर त्या उंच गोंदणवालीनं तिचे केस धरून तिला खाली पाडलं होतं. "हमाई जमीन खाई, अब हमई खों उड़ाहे?" आता आम्हालाच उडवणार का, म्हणत ती मारत होती, आणि मारताना रडत होती. हे मी खरं सांगते, ती रडत होती. लाथा मात्र दुसऱ्यांच्या. पुरुषांच्या. एकाच्या पायात टायरची चप्पल होती, ती तिच्या पोटात गेलेली मी पाहिली.

मी चप्पल काढली आणि जे समोर येईल त्याच्या तोंडावर हाणली. नखं लावली, कोणाचं तरी कानातलं माझ्या हातात आलं, कोणीतरी माझी साडी ओढली, माझा ओठ फाटला. "पोटुशी आहे रे, पेट से है!" मी ओरडत होते. ऐकतंय कोण! मी तिच्या अंगावर पडले. अशी आडवी पडले की माझ्या पाठीवर सगळं यावं. ती खालून म्हणत होती, "ताई पोटावर नका पडू, पोटावर नका पडू." मी हातांवर अंग तोलून धरलं. मग दरबान आले लाठ्या घेऊन. त्यांना कोण कामावरचं, कोण सडकेवरचं, काय कळणार? एक लाठी माझ्या खांद्यावर बसली, एक माझ्या बगलेखालून तिच्या कमरेवर. गर्दी पळाली. डांबरावर चपला पडल्या होत्या, आणि एक लहान पोर तिथंच बसून भोकाड पसरून रडत होतं, त्याची आई पळून गेली होती.

फॅक्टरीच्या दवाखान्यात नेलं. नर्स मला बाहेर काढत होती, मी गेले नाही. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता म्हणाली नर्स. मी म्हटलं, मला काहून सांगतेस? तिला सांगू नको फक्त. पण जाऊ जागीच होती, तिनं ऐकलं.

सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी सुनेचे केस चाचपले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लोखंड कुठंय?"

खिळा माझ्या कमरेलाच खोचलेला होता, एवढ्या मारामारीत पडला नव्हता मेला. मी काढून त्यांच्या पायाशी फेकला. "हे घ्या!"

"तू काढलंस," त्या म्हणाल्या. "तू काढलंस म्हणून गेलं."

मग मी बोलले. सून सासूला बोलत नाही असं सगळं बोलले. "खिळ्यानं नाही वाचत आई लेकरं! दोन गेली ती कोणाच्या लाथेनं गेली? तिच्या अंबाड्यात लोखंड घालण्यापेक्षा तुमच्या लेकाच्या पायात साखळी घातली असती तर आज नातू असता तुमचा!" सगळा वॉर्ड ऐकून राहिला होता. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि भिंतीशी खाली बसल्या. मला त्यांची दया आली नाही. नंतर आली, पण त्या दिवशी नाही.

जावेला घरी आणलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. दिलं तर खायची, नाही दिलं तर मागायची नाही. दीर तिच्या खोलीत फिरकला नाही, ओसरीवर झोपायचा. मी तलाशीला जात होते. त्या उंच बाईला मी फाटकाबाहेर शोधलं, झिंज्या उपटायच्या ठरवूनच गेले होते. पण ती पुन्हा दिसली नाही. तिची माणसं बसायची, ती नाही.

मग दिवाळी जवळ आली तेव्हा जमादार मला म्हणाला, "बाई, तुम्हारी देवरानी का नाम पक्की में आया है. साहब बोले, तलाशी के रजिस्टर में तो कुछ लिखा नहीं है. और अब तो वो दूसरी दिक्कत भी नहीं रही. ठीक हो जाए तो भेज दो."

दूसरी दिक्कत. मी जमादाराला काही बोलले नाही, तो निरोप्या माणूस. पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापून राहिलं होतं. मी ठरवलं होतं तिला सांगायचंच नाही. खड्ड्यात गेली ती नोकरी. पण दिराला माझ्याआधी कळलं होतं, दारूच्या दुकानात फॅक्टरीच्या बातम्या साहेबाच्याही आधी पोचायच्या. मी घरात पाऊल टाकलं तर हा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. अंघोळ केलेली, भांग पाडलेला.

"वहिनी, तोंड गोड करा," म्हणाला. "पक्की झाली आपली. आता क्वार्टर मिळेल. दोन खोल्या न संडास आतच."

आपली!

मी पुडा हिसकला आणि त्याच्या तोंडावर मारला. पेढे घरभर. मग हातानं मारलं, मग कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेतला. "लाज वाटते का रे मुडद्या? लेकरू खाल्लंस, तीन लेकरं खाल्लीस, आणि आता पेढे खातोस?" तो डोक्यावर हात घेऊन मागं सरकत होता. पहिल्यांदाच पाहिलं मी त्याला हात डोक्यावर घेताना. मला थांबायचंच नव्हतं. सासूबाई आतून ओरडत होत्या, आमचे हे झोपेतून उठून दारात येऊन उभे, आणि कोणी माझा हात धरत नव्हतं.

"ताई," मागून आवाज आला. जाऊ भिंतीला धरून उभी होती. कितीतरी दिवसांनी आपण होऊन उठली होती. "राहू द्या ताई. मी जाईन कामावर."

"कोण जाऊ देतंय तुला? वेडी झालीस का? त्याच फाटकातून जाशील? त्याच सडकेवरून?"

"जाईन."

"काहून पण? क्वार्टरपायी? कोणासाठी आता क्वार्टर?"

मी बोलून गेले. असं बोलायला नको होतं, पण ती चिडली नाही. भिंतीला धरूनच खाली बसली. दीर तिथंच, आम्ही सगळे तिथंच, पण ती माझ्याशीच बोलत होती, हळू आवाजात.

"घरी हे मारतात. सडकेवर त्यांनी मारलं, वरून दरबानानं. तुम्ही पण मारलं, तुमचं बरोबर होतं ताई, पण लागलं तर खरंच न. आत फिलिंगमध्ये कोणी मारत नाही. तिथं मोठ्यानं बोलायची बंदी आहे. पळायची बंदी आहे. कोणाचं कोपर लागलं तर ती बाई आधी जागच्या जागी थांबते, मग सावकाश सरकते. साहेबाला रागवायचं असलं न, तर तोसुद्धा जवळ येऊन वाकून बोलतो." तिनं पदर पोटावरून ओढून घेतला. "पोटातला घरी लई धडपडायचा. तिथं जाऊन बसले की शांत व्हायचा. त्याला पण कळत असेल, इथं काही होत नाही म्हणून."

माझ्या हातातला दांडा कधी खाली आला मला कळलं नाही. दीर पेढे वेचायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. मी तिच्याजवळ बसले आणि रडले, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, जशी आई गेली तेव्हा रडले होते तशी. ती नाही रडली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवारी मी उठले तेव्हा ती अंघोळ करून, डबा बांधून दारात उभी होती.